मामाने निवडलेल्या तीन जागा

माझा मामा एकतीस वर्षं एका नाट्यगृहात नोकरीला होता, आणि त्यातली पहिली बारा वर्षं तिकीटखिडकीत. खिडकी कसली, भिंतीतलं हातभर भोक. त्याला लोखंडी जाळी, जाळीखाली पंजा जाईल एवढी फट. आत एक उंच स्टूल, खडखडणारा टेबलफॅन, आणि पुढ्यात पसरलेला प्लॅन. प्लॅन म्हणजे सगळ्या खुर्च्यांचा छापील नकाशा. एका खुर्चीला एक चौकोन. खुर्ची विकली की चौकोनावर पेन्सिलीने फुली.

सातशे बेचाळीस खुर्च्या होत्या आणि मामाला त्या सगळ्या तोंडपाठ होत्या. कुठल्या खुर्चीची स्प्रिंग टोचते, कुठे खांब आडवा येतो, कुठे पंख्याचा वारा नेमका टाळूवर बसतो, सगळं. तो जाळीतून समोरचा माणूस बघायचा आणि जागा ठरवायचा. उंच माणसाला कडेची, म्हणजे पाय वाटेत सोडता येतात आणि मागच्याचे शिव्याशाप लागत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आईला दाराजवळची. लग्न ठरलेल्या जोडप्याला शेवटून तिसरी रांग, कारण मामाच्या मते त्यांना नाटक बघायचंच नसायचं. लोक फटीतून हात घालून एवढंच म्हणायचे, "मामा, चांगली जागा द्या." आमचा मामा असा सगळ्यांचा बुकिंगमामा झाला होता.

नाट्यगृहासमोरच एक मेडिकल होतं. त्या मेडिकलवाल्याशी मामाची जिवाभावाची दोस्ती. रोज चारच्या सुमाराला दोघं दुकानाच्या पायरीवर उभ्याने चहा घ्यायचे. रस्ता ओलांडला की नाट्यगृह, पण मेडिकलवाल्याने उभ्या आयुष्यात तिथे एक नाटक बघितलं नव्हतं. दुकान कुणावर टाकणार? त्याची बायको मात्र वर्षानुवर्षं मागे लागलेली. शेवटी एका रविवारी दुपारी त्याने शटर ओढलं आणि दोघं खिडकीशी आली. मामाने त्यांच्यासाठी सकाळपासून दोन चौकोन राखून ठेवले होते. पाचवी रांग, बरोब्बर मध्य. त्या नाट्यगृहातल्या सर्वांत चांगल्या दोन जागा.

दुसऱ्या अंकात रंगमंचामागच्या वायरिंगने पेट घेतला. आग तशी मोठी नव्हती, मागचा एक पडदा जळला तेवढंच. पण धूर दाट होता आणि दिवे गेले. डाव्या बाजूच्या दाराला बाहेरून कडी होती. मामा तेव्हा खिडकी बंद करून पुढच्या प्रयोगाचा प्लॅन लावत होता. त्याला आधी वास आला, जळक्या रबराचा. तो धावत गेला आणि त्याने मोठं दार उघडलं, तेव्हा लोक त्याला भिंतीला चेपून बाहेर सांडले. कडेचे सगळे निसटले. मधल्यांना दोन्हीकडून रेटा बसला. मेडिकलवाला बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाची बाही खांद्यापासून फाटली होती आणि त्याच्या हातात कुणाचाही हात नव्हता. त्याची बायको दोन रांगांमध्ये पडली होती. तिसऱ्या दिवशी इस्पितळात तिने प्राण सोडला.

चौकशी झाली. वायरिंगचा दोष निघाला, कडीचा दोष निघाला. मामाला कुणी बोल लावला नाही, कुणी काही विचारलंही नाही. नाट्यगृह आठ महिन्यांनी उघडलं, तेव्हा मामाने साहेबांकडे जाऊन खिडकी सोडायची परवानगी मागितली. पुढची एकोणीस वर्षं तो डोअरकीपर होता. प्रयोग चालू असताना बरोबरचे लोक स्टूल टाकून बसायला सांगायचे, तरी हा दाराला हात लावून उभा.

हे सगळं मला कळलं ते अगदी अलीकडे, मामीकडून. लहानपणी आम्हा भाचरांना एवढंच माहीत होतं की मामा विचित्र आहे. हॉटेलात गेलं की तो दाराशेजारचंच टेबल धरायचा. घरी चार पाहुणे आले की कोण कुठे बसेल ते कधी सांगायचा नाही; सगळे टेकेपर्यंत उभा राहायचा आणि उरलेल्या जागी बसायचा. आणि नाट्यगृहासमोर मेडिकल असताना डोकेदुखीच्या गोळीसाठी वीस मिनिटं चालत दुसऱ्या दुकानात जायचा. आम्ही त्यावरून त्याची चेष्टा करायचो. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

मामाची मुलगी, माझी मामेबहीण, हिला घरात चिमणी म्हणतात. चिमणी सहा फुटाला दोन इंच कमी आहे. ती डोळ्यांच्या इस्पितळात चष्म्याचे नंबर काढते. मामा निवृत्त झाला त्याला दोन वर्षं झाली, तेव्हा तिने साठवलेली सगळी रजा एकदम काढली आणि आईबापांना घेऊन बारा दिवस लांब कुठेतरी जायचं ठरवलं. एकीकडे बर्फाचे डोंगर, एकीकडे सरोवर, असा देश. तेरा तासांचं विमान. मामा-मामी कधी विमानात बसलेली नव्हती. मामी हरखून गेली. मामाही तोंडाने बरं बरं म्हणाला.

मग चिमणीचा फोन आला. तिकिटं काढून झाली, आता जागा निवडायच्या. "बाबा, ते काम तुमचं. तुमच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?" आग लागली तेव्हा चिमणी अकरा वर्षांची होती. मधल्या दोन जागांची गोष्ट तिला कुणी सांगितलेली नव्हती.

लॅपटॉप माझा, म्हणून मामा माझ्याकडे आला. मी विमान कंपनीचं पान उघडलं आणि पडद्यावर नकाशा आला. रांगा, रांगांत चौकोन, घेतलेल्या चौकोनांवर फुल्या. मामा एकदम खुर्ची मागे सरकवून उठला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाला, "हा तर प्लॅन आहे." आणि पाणी मागितलं. मला वाटलं, वय झालं.

त्यानंतर दहा दिवस तो रोज सकाळी यायचा. चौकटीच्या कागदावर त्याने अख्खं विमान पेन्सिलीने काढलं. माहिती शोधून मी वाचून दाखवायची, तो टिपून घ्यायचा. पंखांच्या आसपास विमान कमी हलतं, शेपटीकडे जास्त. शौचालयाशेजारच्या रांगेत सदैव कुणीतरी डोक्यावर उभं असतं आणि दार आपटत राहतं. आपत्कालीन दाराच्या आधीच्या रांगेतल्या खुर्च्या मागे कलत नाहीत. काही खिडकीच्या जागांना खिडकीच नसते, नुसती भिंत. पैसे मोजून भिंत बघत बसायचं. काही खुर्च्यांखाली लोखंडी डबा असतो, तिथे पाय सरळ होत नाही. सगळ्यात पुढे भिंतीसमोर पाय पसरायला ऐसपैस जागा, पण तिथे बाळांचे पाळणे अडकवतात, म्हणजे झोपेच्या नावाने शंख.

मला वाटलं होतं, चिमणीच्या लांब पायांसाठी दारालगतची रांग घ्यावी. ती सगळ्यात मोकळी. पण तिथे बसणाऱ्याने वेळ आली तर दार उघडायला मदत करायची असते, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि मामाने पेन्सिल खाली ठेवली. त्या दिवशी तो चहा न घेताच गेला.

रोज पान उघडलं की आणखी काही चौकोनांवर फुल्या पडलेल्या असायच्या. मामा आकडा ओठांवर आणायचा. "सदतीस..." एवढं म्हणायचा आणि थांबायचा. मी हात कळफलकावर ठेवून बसलेली. तेवढ्यात वेळ संपून पान आपोआप मिटायचं आणि मामा सुटकेचा निःश्वास टाकायचा. मामीची मागणी एकच होती, खिडकी. बाकी कुठेही बसवा. पण खिडकी म्हणजे वाटेपासून सर्वांत लांब, आणि हे मामाला गिळता येईना. चिमणी फोनवर वैतागली. मोकळ्या जागा संपल्या तर कंपनी कुठेही तिघांना तीन दिशांना बसवेल, असं तिने बजावलं.

मी त्याला जरा रागावूनच विचारलं, की मामा, तू बारा वर्षं हेच केलंस, मग आता घोडं कुठे अडतंय? मामा कागदाकडे बघत म्हणाला, "मी ज्यांना चांगली जागा दिली..." आणि पुढचं वाक्य त्याने गिळलं. त्या दिवशी मी मामीला गाठलं. भाजी निवडता निवडता तिने मला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, तो अजून झोपेत रांगा मोजतो.

दुसऱ्या दिवशी मामा आला तो चपला न काढता दारातच उभा राहिला. मला म्हणाला, चल माझ्याबरोबर, मेडिकलमध्ये जाऊन येऊ.

रस्ता ओलांडायला आम्हाला बराच वेळ लागला. गाड्या फार नव्हत्या. मामा फूटपाथच्या कडेला पाय टाकायचा आणि मागे घ्यायचा. मी त्याचं कोपर धरलं तेव्हा शर्ट घामाने ओला लागला.

मेडिकलवाला गल्ल्यावर एकटाच होता. केस पांढरे, कानात यंत्र. त्याने मामाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात पुढे करून म्हणाला, "चिठ्ठी?" सवयीने म्हणाला की मुद्दाम, मला कळलं नाही. मामा म्हणाला, चिठ्ठी नाही. फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. एक बाई येऊन खोकल्याचं औषध घेऊन गेली, तोपर्यंत मामा काचेवर बोट ठेवून उभा.

बाई गेल्यावर मामाने एका दमात सांगितलं. की आम्ही तिघं विमानाने जाणार आहोत, मला जागा निवडायला सांगितल्यात, आणि माझ्याने होत नाही. त्या दिवशी मी तुम्हाला कडेला बसवलं असतं तर वहिनी आज असत्या.

मेडिकलवाल्याने कानातलं यंत्र नीट केलं. म्हणाला, "मी दोन वर्षं तुला शिव्या घातल्या. रोज, हे शटर वर करताना. पण त्या जागेसाठी नाही."

मामाने काचेवरचं बोट काढून घेतलं.

"तू आला नाहीस. इस्पितळात नाही, घरी नाही. एकवीस वर्षं समोरच्या फूटपाथवरून मान खाली घालून जातोस. मला बायको गेल्याचं दुःख होतंच, त्यात चहाला माणूस उरला नाही."

मामाने तोंड फिरवलं. मेडिकलवाला म्हणाला, "जागा चांगलीच होती रे. पहिला अंक संपल्यावर ती मला म्हणाली, त्या नटाच्या शर्टाचं तिसरं बटण तुटलंय, इथून दिसतं. खूप हसली."

मग तो आत गेला. मला वाटलं, डोळे पुसायला गेला असेल. पण तो तीन खोके घेऊन आला. घट्ट मोजे होते, पोटऱ्यांना आवळून धरणारे. इतके तास बसून पायात रक्त साकळतं, ते होऊ नये म्हणून घालायचे. मामाच्या पोटरीला टेप लावून त्याने माप घेतलं. दर तासाला उठून फेरी मारा, पाणी पीत जा, असं सगळं त्याच्या दुकानी आवाजात सांगितलं. निघताना मामाने विचारलं, कुठली जागा घेऊ? तो म्हणाला, "ते मला विचारू नकोस. ते ओझं मी घेणार नाही. तूच घे."

दोस्ताच्या तोंडून माफीचे चार शब्द मिळाले की माणूस मोकळा होतो, असं आपण समजतो. मामाचं तसं काही झालं नाही. पण तो माझ्या टेबलाशी बसला आणि त्याने आकडे सांगितले. अडतिसावी रांग, डावीकडच्या तीन जागा. मामी खिडकीत, चिमणी वाटेकडे, म्हणजे तिला पाय सोडता येतील. आणि कुणी आपणहून मागत नाही ती मधली जागा स्वतःला. मागचं दार तिथून दोनच रांगांवर होतं. शेपटीकडे विमान हलेल, शौचालयही जवळ, पण त्याला दार हवं होतं. मी बटण दाबलं. मामा म्हणाला, "झालं?" आणि कितीतरी वेळ हात मांडीखाली दाबून बसून राहिला.

विमानात काय घडलं ते मला मामी आणि चिमणी दोघींनी सांगितलं, आणि मामाने पुष्कळ नंतर, तुकड्यातुकड्याने.

सकाळचं विमान होतं. आत शिरताच मामा मागच्या दारापर्यंत गेला आणि खुर्च्यांच्या पाठींवर हात ठेवत मोजत परत आला. दोन. मग डोळे मिटून पुन्हा तसंच. मागच्या प्रवाशाला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही. त्याने हात धरून त्याला जागेवर बसवलं. विमान उडालं तेव्हा मामीने काचेला नाक लावलं होतं आणि मामाने दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरली होती. पहिले सहा तास बरे गेले. जेवण झालं, मोजे घालून फेऱ्या मारून झाल्या. मामी सिनेमा बघता बघता झोपली. तिचं डोकं मामाच्या खांद्यावर.

वास आधी त्यालाच आला. मागून. गरम कागदाचा, मग प्लास्टिकचा. त्याने चिमणीकडे बघितलं. ती कानात बोळे घालून पुस्तक वाचत होती. त्याला वाटलं, भास आहे, एकवीस वर्षांत असे भास पुष्कळ झाले होते. तेवढ्यात विमानात वाढणाऱ्यांपैकी एक मुलगी वाटेतून मागे गेली, जवळजवळ धावत, आणि तिच्या मागोमाग दुसरी, हातात लाल नळकांडं घेऊन. मामाने मान वळवली. ज्या दारासाठी त्याने ही रांग घेतली होती, त्या दाराला लागूनच विमानाचं स्वयंपाकघर होतं, आणि तिथल्या पडद्याखालून राखाडी धूर जमिनीवरून पुढे येत होता. त्याने बायको-मुलीला दाराजवळ बसवलं होतं, आणि सगळ्या विमानात आगीच्या सर्वांत जवळ असलेल्यांत ते तिघं होते.

ओरडावंसं वाटलं, पण आवाज फुटेना, असं मामा म्हणाला. पाय मात्र उठले. त्याने स्वतःचा पट्टा सोडला, मामीचा दंड धरला आणि ओढायला लागला. मामी दचकून जागी झाली. तिचा पट्टा बांधलेलाच होता. मामा त्या बकलशी झटत होता. तेरा तास बसायच्या आधी त्याने ते बकल दहा वेळा उघडून बघितलं होतं, आता ते उघडेना. वर आवाज झाला, सगळ्यांनी जागेवर बसून राहावं, पट्टे बांधावेत. तरी लोक उठलेच. मधल्या रांगांतला एक माणूस वरून बॅग काढायला लागला, एक बाई मुलाला कडेवर घेऊन वाटेत आली, तिला मागून धक्का बसला. वाट भरत चालली. चिमणी मामाच्या कमरेला मिठी मारून त्याला खाली ओढत होती आणि मामा तिला ओलांडून जायला बघत होता. पण जायचं कुठे? मागे धूर, पुढे माणसं, खाली अकरा किलोमीटर हवा. तिथे उघडायला दारच नव्हतं. हे त्याला त्याच क्षणी कळलं, आणि तो म्हणतो की इतकी भीती त्याला त्या रविवारीही वाटली नव्हती.

मामीने त्याची बोटं आपल्या बकलवरून एकेक करून सोडवली. मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही मला इथे बसवलंत ना? मग आता बसू द्या."

मामा बसला. चिमणीने त्याचा पट्टा लावला. मामीने रुमालावर बाटलीतलं पाणी ओतून तिघांची नाकं झाकली. त्या दोघींचे हात मामाने इतके घट्ट धरले की चिमणीच्या अंगठीचा वळ त्याच्या तळव्यावर दोन दिवस होता. मागे काहीतरी फुसफुसत होतं, भांडी आपटत होती, कुणीतरी भराभर सूचना देत होतं. चिमणी घड्याळाकडे बघत राहिली. अकरा मिनिटं. मामा मनात रांगा मोजत होता, पुढून मागे, मागून पुढे.

मग पडदा बाजूला झाला आणि ती पहिली मुलगी बाहेर आली. तिच्या बाहीवर काजळी होती आणि केस चेहऱ्याला चिकटले होते. तिने सांगितलं की जेवण गरम करायच्या भट्टीत डब्यांबरोबर कागदी खोका राहिला होता, तो पेटला, आता विझलाय. वाटेतल्या लोकांना तिने एकेक करून जागेवर नेलं. मामापाशी येऊन थांबली, कारण तो रडत होता. तिने त्याला पाणी दिलं. मामाने नंतर मला सांगितलं की त्या मुलीचे हात त्याच्यापेक्षा जास्त थरथरत होते, ग्लासातलं निम्मं पाणी त्याच्या मांडीवर सांडलं.

खबरदारी म्हणून विमान वाटेतल्याच कुठल्याशा शहरात उतरवलं. उतरायला तासभर लागला. विमानतळावर सगळ्यांना एका लांबलचक हॉलमध्ये बसवलं. सात तासांनी दुसरं विमान मिळालं आणि काउंटरवरच्या बाईने नवे बोर्डिंग पास हातात ठेवले. या वेळी कुणी काही विचारलं नव्हतं. मामी एकविसाव्या रांगेत, चिमणी चौतिसाव्या, आणि मामा सगळ्यात शेवटी, शौचालयाच्या भिंतीला टेकून.

मामा म्हणाला, मी येत नाही. तुम्ही दोघी जा. चिमणीने समजावलं, ती काउंटरवर भांडली, मग तिचाही बांध फुटला. बॅगेवर बसून जवळजवळ सहा फुटी मुलगी हमसाहमशी रडली. तेव्हा मामी बोलली, की बरं, राहा इथे, पण इथून घरी चालत जाणार आहात का? परतीच्या वाटेवरही विमानच आहे. मामाने विचार केला. खरोखरच जायला दुसरी वाट नव्हती. तो रांगेत उभा राहिला, पण एकेक पाऊल इतकं जपून टाकत होता की कुणीतरी त्याच्यासाठी चाकाची खुर्ची आणली. ती त्याने नाकारली.

दुसऱ्या विमानात त्याला दोघी दिसत नव्हत्या, नुसत्या खुर्च्यांच्या पाठी. म्हणून तो उठायचा. चौतिसाव्या रांगेपर्यंत जायचा, चिमणीच्या डोक्याला हात लावायचा, मग एकविसाव्या रांगेपर्यंत, मामी आहे ना बघायचा, परत. वीस मिनिटांनी पुन्हा. शेजारच्या प्रवाशाने त्याचं पोट बिघडलंय असं समजून हवाई सुंदरीला बोलावलं, आणि तिने मीठसाखरेच्या पाण्याची पुडी आणून दिली. मामाने ती निमूट पाण्यात घालून पिऊन टाकली. खरं कारण सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते. चिमणीने मोजलं, सात तासांत तो एकवीस वेळा उठला. पायात रक्त साकळण्याचा प्रश्नच नव्हता.

ते पोचले. डोंगर बघितले, सरोवर बघितलं. पहिले तीन दिवस मामाला तव्याचा वास आला तरी तो ताडकन उठायचा. एका दुपारी सरोवराकाठच्या बाकावर त्याने चिमणीला पाचव्या रांगेची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. तिने ऐकून घेतली. तुमची चूक नव्हती वगैरे काही ती म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, त्या काकू दिसायला कशा होत्या? मामाने बराच वेळ त्यांचं वर्णन केलं. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा त्याने कधी आठवलाच नव्हता, असं तो मला म्हणाला.

परतीच्या जागा अजून निवडायच्या होत्या. चिमणी म्हणाली, या वेळी मी बघते. मामाने तिचा फोन मागून घेतला. त्याने मामीला विचारलं, तुला कुठे बसायचंय? मामीने सांगितलं, पंखाच्या जरा मागे, पंख हलताना दिसेल अशी खिडकी. मामा म्हणाला, तिथे इंजिनाचा आवाज फार, आणि दोन्ही दारं लांब. मामी म्हणाली, असू देत. मामाने बराच वेळ त्या चौकोनावर बोट धरून ठेवलं आणि मग दाबलं. शेजारचे दोन आपल्याला आणि चिमणीला घेतले.

परतीचा प्रवास सुरळीत झाला. वाटेत एकदा खूप हादरे बसले, बाकी काही नाही. मामी नऊ तास झोपली. मामा एक मिनिटही नाही.